दव सुकल्यावर, लोखंड तापायच्या आधी

३ जानेवारी

प्रिय काटक्या,

पत्र बघून दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. जायला आता उरलंय कोण? आई गेली तेव्हा कळवलं होतं, त्यावर तुझं कार्ड आलं. आत एक अक्षर नव्हतं. मावशीने ते उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाली, "पोराचं पेन संपलं असेल." मला हसू आलं. पण पाकिटावर पत्ता होता, तो मी जपून ठेवला. फोन नंबर तू नंतर बदललास, मग हे असं लिहिणंच आलं. माझं अक्षर वाचता येतंय ना? कोंबडीचे पाय म्हणायचास.

मुद्द्याचं सांगते. टाकी पाडणार आहेत. कुठली टाकी ते तुला सांगायला नको. कागद कारखान्याच्या फाटकावर नोटीस लागली आहे, अठ्ठावीस तारखेपासून काम सुरू. आधी वरची पाण्याची टाकी कापून उतरवणार, मग शिडी, मग चारही पाय. मी कामावरून येताना रोज तिथूनच येते. हो, अजूनही. दुसरा रस्ता लांबचा पडतो.

तर म्हटलं, तू ये. अठ्ठावीसच्या आत. वर जाऊया असं म्हणत नाहीये. नुसतं खाली उभं राहू. एकदा तिच्याकडे दोघं मिळून बघू आणि घरी येऊन चहा पिऊ. तू सहा वर्षांत या घरात पाऊल टाकलेलं नाहीस. तुझी खोली आहे तशी आहे, फक्त पंखा आवाज करतो.

आणि एक. तेव्हा जे झालं ते झालं. आई तुला बोलली, मास्तरच्या घरचे बोलले, सगळे बोलले. मी तुला कधीच माफ केलंय. तेव्हा तेवढ्यासाठी येणं टाळू नकोस.

तुझी,
ताई


९ जानेवारी

काटक्या,

उत्तर नाही. इतक्यात येईल असं वाटलंही नव्हतं, तरी रोज दाराखालची फट बघते.

आज कामावर एक गंमत झाली. मी आणि माझा जोडीदार एका जुन्या इमारतीची लिफ्ट उघडून बसलो होतो. मी शाफ्टमधल्या शिडीवरून भराभर वर गेले तर तो म्हणाला, "बाई, तुम्ही आधी कुठे चढायचात का हो?" मी म्हटलं, हो, बंद पडलेल्या इमारतींवर, धुराड्यांवर, पुलांवर. तर लगेच डोळे मोठे करून विचारतो, "रात्री जात असाल ना? गुपचूप?"

मला इतका राग आला! सगळ्यांना तेच वाटतं. म्हणून मग मी हातातला पाना बाजूला ठेवला आणि त्याला तुझी अख्खी शिकवणी दिली. रात्री मूर्ख जातात. रात्री गंज दिसत नाही आणि बॅटरी मात्र चार गल्ल्यांवरून दिसते. दुपारी लोखंड असं तापतं की हात आपोआप सुटतो. संध्याकाळी वर जायला मजा येते, पण उतरायची वेळ अंधारात येते आणि माणूस मरतो तो बहुतेक उतरताना. राहिली सकाळ. पण सकाळी लोखंडावर दव असतं. मग उरतं काय? तर दव सुकल्यावर आणि लोखंड तापायच्या आधी. तेवढीच आपली वेळ. प्रत्येक जागेची वेगळी, प्रत्येक महिन्याची वेगळी. त्यासाठी माझा भाऊ चार चार दिवस आधी जाऊन नुसता बसून राहायचा आणि वहीत लिहायचा, असं मी सांगितलं. "ऊन पहिल्या पायरीला किती वाजता लागतं. वारा किती वाजता सुटतो. पहारेकरी चहाला किती वाजता जातो." जोडीदार म्हणाला, "परीक्षेला एवढा अभ्यास केला असता तर?" मी म्हटलं, आईही हेच म्हणायची.

रुमालाचंही सांगितलं. वेळ ठरवायचास तू, पण शेवटचा शब्द माझा. लोखंडाचं काम माझं म्हणून. पांढरा रुमाल काढायचा, खालच्या पाच पायऱ्या वरून पुसायच्या, खालूनही पुसायच्या, मग रुमाल गालाला लावायचा. गार लागला तर थांबायचं. नाही लागला तर मी ओरडायचे "कोरडं!" आणि तू वहीत वेळ टाकून म्हणायचास "लिहिलं!" त्यानंतरच कुणाचा पाय पायरीवर पडायचा. आठ वर्षांत एकदाही चुकलं नाही.

मास्तर हसायचा आपल्याला. आठवतं, तो आला कसा ते? आपण शाळेमागच्या पडक्या गोदामावर होतो आणि हा चित्रकलेच्या वर्गाच्या खिडकीतून वर्गभर मुलांना आपल्याकडे बोट दाखवून सांगत होता, "ही बघा, प्रमाणबद्धता! माणूस एवढा, इमारत एवढी." दुसऱ्या दिवशी फाटकाशी उभा. म्हणे, "मला वरून गाव काढायचंय. पाठीवर फळी बांधली तर चालेल का?" पेन्सिल गळ्यात दोऱ्याने बांधलेली. मला तेव्हाच कळलं की हा आता जायचा नाही.

त्या टाकीवर आपला अंदाज चुकला, एवढंच. आता काय त्याचं.

ये ना रे.

ताई


१६ जानेवारी

काटक्या,

आत्येबहीण भेटली. तुझी खबर तिच्याकडून लागली. तू म्हणे कुठल्याशा गोदामाच्या तळघरात काम करतोस, राहतोस तेही तळमजल्यावर. ती तुला भेटायला आली तेव्हा तुम्ही एका हॉटेलात गेलात, वरच्या मजल्यावर जागा होती, तर तू "मला भूक नाही" म्हणून खालीच उभा राहिलास. ती म्हणाली, "विचित्र झालाय गं तो." मी तिच्याशी भांडले. माझ्या भावाला विचित्र म्हणायचा हक्क फक्त माझा आहे.

घरी आल्यावर मात्र जेवण गेलं नाही. तू, तळघरात! पाच वर्षांचा असताना तू कपाटावर जाऊन झोपला होतास आणि आई अख्ख्या गल्लीत तुला शोधत होती. त्या दिवसापासून तुझं नाव काटक्या पडलं, काटकीसारखा कुठेही शिरतो म्हणून.

माझं विचारशील तर मला कामावर 'पुन्हाबाई' म्हणतात. ब्रेक तपासला? पुन्हा. दोर तपासला? पुन्हा. दार बंद होतंय ना? पुन्हा. साहेब वैतागतो, पण लोक मलाच मागतात. परवा एका आजीबाईने माझा हात धरला आणि म्हणाली, "तू बघून गेलीस की मला लिफ्टची भीती वाटत नाही." मी थँक्यू म्हणायला हवं होतं. मी चक्क जिन्यावर जाऊन बसले, दहा मिनिटं.

आज टाकीखाली गेले होते. पाडकामाचा मुकादम आलाय. दणकट गडी, तोंडाने फटकळ. "बाई, इथे काय काम?" मी म्हटलं, लोखंड बघतेय. "विकत घ्यायचंय?" म्हटलं, नाही, ओळखीचं आहे. मग म्हणाला, "इथे एकजण पडला होता म्हणतात. तुमचं कोण होता का?" मी हो म्हणाले. त्याने मला बसायला उलटी बादली दिली आणि पुढे काही विचारलं नाही. भला माणूस आहे.

घरात फार शांत असतं. आईच्या औषधांच्या वेळेला लावलेले घड्याळाचे गजर मी अजून बंद केलेले नाहीत, दिवसात तीनदा वाजतात. निदान काहीतरी बोलतं.

आई शेवटपर्यंत सगळ्यांना तेच सांगायची. "वेळ आमच्या काटक्याने ठरवली होती. एवढी हुशारी, आणि ऐन वेळेला घात केला." समाचाराला कुणी आलं की हेच. मी तिथेच असायचे. भाजी चिरत असायचे, नाहीतर कपडे घडी करत. एकदाही मान वर केली नाही.

का केली नाही ते विचार ना मला. एकदा तरी विचार.

ताई


२२ जानेवारी

काटक्या,

तू विचारणार नाहीस. मीच सांगते. हे पत्र मी चारदा फाडलंय. आता जसं येईल तसं जाऊ देते.

पहिल्या पत्रात मी लिहिलं, तुला माफ केलंय. काय थोबाड माझं! ते वाक्य तू वाचलंस या विचाराने मला आठवडाभर तोंड धुताना आरशात बघवलं नाही.

ऐक. त्या जानेवारीत तू चार दिवस टाकीखाली बसून वहीत लिहिलं होतंस. शिडी पश्चिमेच्या बाजूला आहे, तिथे ऊन उशिरा पोचतं. साडेआठच्या आधी चढायचं नाही. तू मला दोनदा सांगितलंस. आणि मला साडेआठला कामावर पोचायचं होतं. आधी दोनदा उशीर झाला होता, साहेबाने दम दिला होता की तिसऱ्यांदा झाला तर घरीच बस. मी तुला म्हटलं, "लवकर जाऊन तर बघू, कदाचित आधीच सुकलं असेल." आणि मास्तरला तर मी म्हणेन ते पटायचंच. तो बिचारा फळी बांधून पहाटेपासून तयार. आमचं ठरलं होतं रे, पुढच्या महिन्यात. त्याला त्या टाकीवरून काढलेलं गाव आमच्या नव्या खोलीत लावायचं होतं.

आपण सव्वासातला पोचलो. तू थोडा लांब, वही घेऊन. मी शिडीपाशी गेले. वाकले. पायरीवरून हात फिरवल्यासारखं केलं. आणि ओरडले, "कोरडं!"

मी रुमाल काढलाच नव्हता, काटक्या. तो माझ्या खिशात होता, घडी न मोडलेला. पायऱ्या ओल्या आहेत का हे मला माहीत नव्हतं. मला ते माहीत करून घ्यायचंच नव्हतं, कारण ओल्या असत्या तर तासभर थांबावं लागलं असतं.

तू म्हणालास, "लिहिलं." थोडं थांबून म्हणालास. मला वाटलं, पेन चालत नसेल.

मग तू गेलास, मागून तो, मागून मी. तू मधल्या टप्प्यावर पोचलास. तो बावन्नाव्या पायरीवर होता. मला माहीत आहे, कारण तो मोठ्याने मोजत होता, मला हसवायला. "बावन्न," म्हणाला, आणि मग त्याचा बूट. माझ्या खांद्याला घासून गेला. मी हात पुढे केला होता की नाही ते मला आठवत नाही. सहा वर्षं आठवायचा प्रयत्न करतेय.

नंतर सगळ्यांनी विचारलं, वेळ कुणी ठरवली? तू म्हणालास, "मी." मी तिथेच उभी होते. मी म्हटलं असतं, "साडेआठ ठरली होती, मी सातवीसला चढवलं." एवढं एकच वाक्य होतं. मी ते बोलले नाही. मग आई तुला बोलायला लागली आणि रोज ते वाक्य आणखी जड झालं. मग तू बॅग भरलीस. मी दारात उभी होते आणि मला वाटलं, हा गेला की निदान मला रोज याचं तोंड बघावं लागणार नाही. हेही सांगून टाकते.

आईला मी सांगितलं नाही. सांगायचं सांगायचं म्हणत राहिले आणि ती गेली. तुझ्यावर राग धरून गेली. तो राग माझ्या वाट्याचा होता.

तुझा अंदाज चुकला नव्हता. तुझी चूक एवढीच की तू बहिणीवर विश्वास ठेवलास. आता तळघरातून बाहेर ये. मला भेटायला येऊ नकोस हवं तर. पण वर ये.

माफ कर म्हणत नाही. कुठल्या तोंडाने म्हणू?

ताई


२७ जानेवारी

काटक्या,

तू मूर्ख आहेस. आधी तेवढं लिहून घेते, मग बाकीचं.

परवा संध्याकाळी मी माळ्यावरून तुझी जुनी बॅग काढली. तू ती सोडून गेला होतास, कुणी हात लावला नव्हता. मला वही हवी होती, साडेआठ हे आकडे तुझ्या अक्षरात बघायचे होते. सापडले. टाकीचं पान सापडलं. "पश्चिम शिडी. साडेआठच्या आधी नाही," त्याखाली दोन रेघा. त्याखाली त्या दिवसाची नोंद, पेनाने: "७.२०. कोरडं, ताई."

आणि त्याच्याखाली पेन्सिलने, नंतर कधीतरी लिहिलेलं, अक्षर वाकडंतिकडं:

"तिने रुमाल काढला नाही. मी बघत होतो. विचारणार होतो, पण ती चिडली असती. मीही चार दिवस बसून कंटाळलो होतो, मलाही वर जायचं होतं. मी लिहिलं म्हणालो. मला माहीत होतं."

अरे, तुला माहीत होतं!

मी माळ्याच्या शिडीवरच बसले. आधी रडले, मग तुला मोठमोठ्याने शिव्या दिल्या, मग आईचं घड्याळ वाजलं म्हणून उठले. सहा वर्षं, काटक्या! तू माझं नाव घेतलं नाहीस आणि मी तुझ्यावरचा ठपका पुसला नाही. आपण एकाच गोष्टीवर दोन घरांत गप्प बसलो. तू म्हणशील, सांगून काय झालं असतं. काही झालं नसतं, मास्तर परत आला नसता. पण आपण दोघं एका खोलीत बसून रडलो असतो. मी इथे एकटीच रडले रे. तूही तिथे एकटाच रडला असशील. मला ते सहन होत नाही.

आता आज सकाळचं.

मुकादमाला काल सगळं सांगितलं. खोटं काही नाही. तो डोकं खाजवत म्हणाला, "आयुष्यात पहिल्यांदा कुणी मला विचारून चढतंय." कामावरचा पट्टा आणि दोर नेला होता, त्याने स्वतः तो दोनदा ओढून बघितला. मी म्हटलं, पुन्हा. त्याने पुन्हा ओढला.

मी सव्वासातलाच पोचले. मुद्दाम. तोच रुमाल नेला होता, तेव्हापासून धुतलेला नाही, घडीही तीच. सातवीसला मी तो उघडला आणि पहिली पायरी पुसली.

पिळला तर पाणी निघालं.

मी मनाशी म्हणत आले होते की कदाचित, कदाचित त्या दिवशी कोरडंच असेल आणि त्याचा पाय दुसऱ्याच कशाने सुटला असेल. ते आज संपलं. ते संपायलाच हवं होतं.

मग दुसरा रुमाल काढला आणि बादलीवर बसून राहिले. पावणेआठला पुसलं, ओलं. आठला ओलं. सव्वाआठला वरून कोरडं, खालून ओलं, आणि बोटं तिथेच तर धरतात. मुकादमाने चहा दिला. आठ पंचवीसला ऊन टाकीच्या पायांमधून येऊन पहिल्या पायरीला लागलं. साडेआठला मी पाचही पायऱ्या वरून पुसल्या, खालून पुसल्या, रुमाल गालाला लावला. गार लागला नाही.

साडेआठ. एक मिनिट इकडे नाही, तिकडे नाही. तुझी वेळ बरोबर होती.

मी ओरडले, "कोरडं!" जोरात, नेहमीसारखं. मुकादम दचकला. मी थांबले. सवयच ती, उत्तराशिवाय पाय उचलतच नाही. उत्तर आलं नाही. मुकादमाला वाटलं मी घाबरले, तो म्हणाला, "बाई, नका जाऊ, काही नडलंय का?" मी म्हटलं, नडलंय, म्हणूनच जातेय.

बावन्नाव्या पायरीवर थांबले. मोठ्याने म्हणाले, "बावन्न." आणि मग त्रेपन्न म्हणाले. एकशे सव्वीस पायऱ्या आहेत, तू एकशे वीस लिहिल्या होत्यास, तेवढी एक चूक तुझी सापडली.

वरून गाव दिसतं. मला चित्र काढता येत नाही, म्हणून लिहून कळवते. नदी डावीकडे, पुलापाशी अरुंद होते. शाळेचं छप्पर निळं, त्याच्या वर्गाची खिडकी उघडी होती. आपलं घर दिसतं, गच्चीवर माझी चादर वाळत होती. मावशीचं दिसत नाही, मध्ये नवी इमारत आलीय. सावल्या सगळ्या एकाच बाजूला लांब पडलेल्या. त्याला आवडल्या असत्या. मी अर्धा तास बसले. कुणाला तरी कोपराने ढोसून "ते बघ" म्हणावंसं वाटत होतं, सारखं.

लोखंड कोमट व्हायला लागल्यावर उतरले. उद्या कापायला सुरुवात होईल.

वही तुला या पत्रासोबत पाठवतेय. टाकीच्या पानावर तुझ्या पेन्सिलखाली मी आजची नोंद केलीय: "८.३०. कोरडं. रुमालाने तपासलं. ताई." त्यापुढची जागा रिकामी ठेवलीय. तिथे तू काय म्हणायचास ते तुला माहीत आहे. ये म्हणून मागे लागत नाही, टाकीही आता राहायची नाही. फक्त तेवढा एक शब्द लिही आणि वही परत पाठव. कोरं कार्ड पाठवू नकोस. पेन संपलं असेल तर पेन्सिलने लिही.

तोवर मी पायरीशीच थांबलेय.

तुझी,
ताई